रिओ दि जानेरो प्रथमच पाहताना: वार, आकाश आणि वाटा

रिओ दि जानेरोत काय पाहावे हे कोणीही सांगेल. कोर्कोवादो डोंगरावरचा येशूचा पुतळा, शुगरलोफचा सुळका, कोपाकबानाची वाळू आणि सांबा हे नृत्यसंगीत ही नावे तिथे कधीही न गेलेल्यांनाही पाठ असतात. नवख्याची फजिती होते ती ही ठिकाणे कोणत्या वारी आणि कशा आकाशाखाली पाहावीत याचा विचार न केल्यामुळे. ढगाळ दिवशी कोर्कोवादोवर चढलेला माणूस पांढऱ्या धुक्याखेरीज काही न पाहता खाली येतो, आणि रविवारी जुन्या शहरात गेलेल्याला बंद शटरे आणि निर्मनुष्य गल्ल्या दिसतात. म्हणून या लेखात स्थळांची यादी देण्याऐवजी दिवस कसे लावावेत हे क्रमाने सांगितले आहे. हातात चार-पाच पूर्ण दिवस असावेत, असे गृहीत धरले आहे. त्याहून कमी असतील तर कशावर पाणी सोडावे याचा उल्लेख त्या त्या ठिकाणी येईल.

निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्ट असलेल्यांना ब्राझीलचा व्हिसा प्रवासापूर्वी घ्यावा लागतो. ब्राझीलचा महावाणिज्य दूतावास मुंबईत आहे, त्यामुळे महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्जदारांना दिल्ली गाठावी लागत नाही. कागदपत्रांची अद्ययावत यादी मात्र दूतावासाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी, कारण ऐकीव माहितीवर भरलेला अर्ज हमखास परत येतो. गोव्यातील ज्या कुटुंबांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे, त्यांना त्या पासपोर्टवर अल्प मुदतीच्या पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही.

व्हिसाइतकीच महत्त्वाची आणि अनेकांच्या लक्षात न राहणारी गोष्ट म्हणजे पीतज्वराची लस. ही लस ब्राझीलमध्ये उपयोगी पडतेच, परंतु तिचे प्रमाणपत्र खरे तपासले जाते ते परत येताना, आपल्याच विमानतळावर. ब्राझील हा भारताच्या दृष्टीने पीतज्वराचा देश असल्यामुळे तिथून निघाल्यापासून 6 दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्या प्रवाशाकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते आणि पुढे ते आयुष्यभर चालते. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांतच मिळते आणि तिथे आगाऊ नाव नोंदवावे लागते, त्यामुळे महिनाभर आधीच हालचाल करावी. साठीपुढील व्यक्ती, गर्भवती स्त्रिया आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय ती टोचून घेऊ नये.

भारतातून रिओला थेट विमान नाही. दुबई, दोहा, आदिस अबाबा किंवा युरोपातील एखाद्या शहरातून जावे लागते आणि पुष्कळदा साओ पाउलोत आणखी एकदा विमान बदलावे लागते. रिओचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे असते.

ऋतू आपल्या उलट असतात. डिसेंबर ते मार्च हा उन्हाळा, आणि पाऊसही याच काळात अधिक पडतो. शहर मकरवृत्ताच्या किंचित उत्तरेस असल्यामुळे डिसेंबरात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि वाळूवर उभे राहवत नाही. जून ते ऑगस्ट हवा सौम्य आणि तुलनेने कोरडी असते, डोंगरांवरून दूरवरचे स्वच्छ दिसते. मात्र संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचलाच सूर्य मावळतो. केवळ समुद्रस्नानासाठी जायचे नसेल, तर मे ते सप्टेंबर हा काळ आम्हाला सर्वांत सोयीचा वाटतो. नववर्षाची रात्र आणि फेब्रुवारी-मार्चमधील कार्निव्हल यांचे आकर्षण मोठे आहे, पण त्या दिवसांत राहण्याचे दर अनेक पटींनी वाढतात आणि नेहमीचे शहर पाहायला मिळत नाही.

किरकोळ वाटणाऱ्या दोन बाबी. ब्राझीलमधील प्लगला तीन गोल पिना असतात आणि त्यांची मांडणी आपल्याहून वेगळी असते. दोन बारीक गोल पिनांचा चार्जर चालतो, आपला जाड तीन पिनांचा चालत नाही. शिवाय रिओत बहुतेक ठिकाणी विजेचा दाब 127 व्होल्ट असतो, त्यामुळे घरून नेलेल्या किटलीत पाणी तापायला फार वेळ लागतो. दुसरी बाब भाषेची. हॉटेलाबाहेर इंग्रजी फारसे कोणाला येत नाही. पोर्तुगीजमधील आकडे आणि दहा-बारा वाक्ये लिहून न्यावीत, भाषांतराचे ॲप इंटरनेटशिवाय चालेल असे उतरवून ठेवावे. मोबाइलचे ई-सिम येथूनच घेतलेले बरे, कारण तिथे अनेक व्यवहारांत सीपीएफ नावाचा स्थानिक कर क्रमांक विचारला जातो आणि तो नसला की ऑनलाइन खरेदी मध्येच अडते.

मुक्काम आणि प्रवासाची साधने

रिओची रचना समजून घेतली की मुक्काम कुठे करावा हे आपोआप ठरते. डोंगरांच्या रांगांनी शहराचे कप्पे पाडले आहेत. ईशान्येला उपसागराकाठी जुने शहर, म्हणजे सेंत्रो. तिथून दक्षिणेकडे क्रमाने ग्लोरिया, फ्लामेंगो, बोताफोगो. मग बोगद्यापलीकडे खुल्या महासागरावर कोपाकबाना, इपानेमा आणि लेब्लोन. हा सारा पट्टा मेट्रोने जोडलेला आहे. प्रथमच जाणाऱ्याने मेट्रो स्थानकापासून पायी दहा मिनिटांच्या आत खोली घ्यावी. इपानेमा महाग, कोपाकबाना गजबजलेले पण तुलनेने परवडणारे, आणि बोताफोगो किंवा फ्लामेंगो येथे समुद्रस्नानाची सोय नसली तरी सर्व दिशांना जाणे सोपे. सांता तेरेझाची टेकडी दिसायला देखणी आहे. परंतु रात्री तिथे परतणे कटकटीचे असल्याने पहिल्या खेपेला ती टाळावी. सेंत्रोत स्वस्त हॉटेले मिळतात, पण संध्याकाळी कार्यालये सुटल्यावर तो भाग ओस पडतो.

गालेआंव विमानतळ शहराच्या उत्तरेस एका बेटावर आहे. सामान घेऊन तिथून थेट टॅक्सी किंवा ॲपवरची गाडी करावी. शहरात फिरताना दिवसा मेट्रो आणि रात्री ॲपवरची गाडी हा साधा नियम पुरतो. मेट्रोच्या फाटकावर संपर्करहित बँक कार्ड टेकवून आत जाता येते. बस आणि ट्रामसाठी मात्र शहराची स्वतंत्र कार्डव्यवस्था आहे. पहिल्याच दिवशी तिची चौकशी करून घ्यावी. कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मेट्रोत एक डबा स्त्रियांसाठी राखीव असतो; मुंबईकर वाचकांना लोकलच्या लेडीज डब्याची सवय असल्याने त्याचे नियम वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत.

बहुतेक सर्व व्यवहार कार्डाने होतात. कार्ड देताच डेबिट की क्रेडिट असे विचारले जाते. उपाहारगृहाच्या बिलात 10 टक्के सेवाशुल्क धरलेले असते, वर वेगळी बक्षिसी देण्याची प्रथा नाही. वाळूवरच्या फेरीवाल्यांसाठी सुट्ट्या नोटा जवळ ठेवाव्यात.

सुरक्षिततेबद्दल अतिरंजित कथा पुष्कळ ऐकू येतात, पण त्यातला मूळ मुद्दा खरा आहे: रस्त्यात हातात धरलेला मोबाइल हिसकावला जाण्याचे प्रकार सर्रास घडतात. नकाशा पाहायचा असेल तर दुकानात शिरावे, रस्त्याकडेला उभे राहून पाहू नये. दागिने घरी ठेवावेत, पासपोर्ट खोलीत ठेवून प्रत जवळ बाळगावी. अंधार पडल्यावर वाळूवर उतरू नये. भाड्याची गाडी स्वतः चालवण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा, कारण नकाशाचे ॲप जवळची वाट म्हणून अशा वस्तीत नेऊन सोडते की जिथे अनोळखी गाडीकडे संशयाने पाहिले जाते. पोलिसांसाठी 190, रुग्णवाहिकेसाठी 192 हे क्रमांक आहेत. पर्यटकांसाठी वेगळे पोलीस ठाणे लेब्लोनमध्ये असून विम्यासाठी लागणारी तक्रार तिथे नोंदवता येते.

पहिली निरभ्र सकाळ कोर्कोवादोला द्यावी

कोर्कोवादोसाठी दिवस राखून ठेवू नये, सकाळ राखून ठेवावी, आणि ती कोणती हे आकाशाला ठरवू द्यावे. पुतळा 710 मीटर उंचीच्या सुळक्यावर आहे आणि समुद्रावरून येणारा ढग याच सुळक्याला अडकतो. खाली कोपाकबानात कडक ऊन असताना वर काहीच दिसत नाही, असे वारंवार होते. याला उपाय फुकटचा आहे: बोताफोगोच्या किनाऱ्यावरून किंवा लागोआ सरोवराच्या काठावरून मान वर करून पाहावे. खालून पुतळा स्पष्ट दिसत असेल तर लगेच निघावे. दिसत नसेल तर त्या दिवशी दुसरा बेत करावा. याच कारणासाठी तिकीट फार आधी काढून ठेवू नये. गर्दीच्या हंगामात आगाऊ तिकिटाशिवाय भागत नाही हे खरे, पण तेव्हाही हवामानाचा अंदाज पाहून आदल्या दिवशी काढलेले चांगले.

सकाळीच का जावे, याला आणखी एक कारण आहे. पुतळ्याचे तोंड पूर्वेकडे आहे. सकाळचे ऊन त्याच्या चेहऱ्यावर पडते; दुपारनंतर सूर्य पाठीमागे जातो आणि छायाचित्रात केवळ काळी आकृती उरते.

वर जाण्याचे तीन मार्ग आहेत. कोस्मे व्हेल्यो येथून निघणारी दातेरी रुळांची रेल्वे 1884 मध्ये, ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रो याच्या काळात सुरू झाली. म्हणजे पुतळ्याच्या कितीतरी आधी, आणि पुढे पुतळ्याचे सामानही याच रेल्वेने वर चढवले गेले. ती जंगलातून साधारण वीस मिनिटांत वर पोहोचवते. दुसरा मार्ग अधिकृत व्हॅनचा. त्या कोपाकबाना आणि लार्गो दो माशादो येथून सुटतात. तिसरा पार्के लाजे या उद्यानामागून जाणारी पायवाट. ही चढण खडी असून शेवटी साखळ्या धरून चढावे लागते. या वाटेवर लुटीचे प्रकार घडलेले असल्याने एकट्यादुकट्याने ती धरू नये, शनिवार-रविवारी गटाने जावे. रेल्वेतून उतरल्यावर दोनशेहून अधिक पायऱ्या आहेत, पण लिफ्ट आणि सरकते जिनेही आहेत, त्यामुळे वृद्धांना अडचण येत नाही.

30 मीटर उंचीचा हा पुतळा 8 मीटरच्या चौथऱ्यावर उभा असून पसरलेल्या हातांची लांबी 28 मीटर आहे. 12 ऑक्टोबर 1931 रोजी त्याचे उद्घाटन झाले. एइतोर दा सिल्व्हा कोस्ता हे अभियंते आणि पॉल लँडोव्स्की हे फ्रेंच शिल्पकार. आतला सांगाडा सिमेंट काँक्रीटचा आहे, पण बाहेरून त्यावर शंखजिऱ्याच्या दगडाचे लहान लहान त्रिकोणी तुकडे बसवलेले आहेत. जवळ उभे राहिल्यास त्या तुकड्यांच्या सांध्यांची जाळी स्पष्ट दिसते. दूरच्या छायाचित्रांत ती कधीच दिसत नाही. वर जागा लहान आणि माणसे फार, त्यामुळे तासभर पुरेसा होतो.

शुगरलोफ दुपारनंतर

शुगरलोफला नेमकी उलट वेळ साधावी. सूर्यास्तापूर्वी दोन तास उर्का भागातील प्राया व्हेर्मेल्या या छोट्या किनाऱ्यावर पोहोचावे. रज्जुमार्ग 1912 पासून चालू आहे आणि तो दोन टप्प्यांत वर नेतो: आधी 220 मीटर उंचीच्या उर्का टेकडीवर, मग 396 मीटरच्या मुख्य सुळक्यावर. मधल्या टेकडीवर घाईने पुढे न जाता रेंगाळावे, कारण तिथून उपसागर, बोताफोगोचा अर्धवर्तुळाकार किनारा आणि सांतोस दुमाँ विमानतळावर सुळक्याला वळसा घालून उतरणारी विमाने सर्वांत चांगली दिसतात. सूर्य कोर्कोवादोच्या बाजूला मावळतो. त्यानंतर शहराचे दिवे लागेपर्यंत वरच थांबावे. पुतळ्याखाली उभे राहून पुतळा असलेले रिओ दिसत नाही, ते इथून दिसते. हाती एकच दिवस असेल आणि दोन्ही डोंगरांचे तिकीट परवडणार नसेल, तर आम्ही शुगरलोफ निवडू.

पाय धड असणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे. प्राया व्हेर्मेल्याच्या डावीकडून कड्याच्या पायथ्याने जाणारा, वाहनांना बंद असलेला रस्ता लागतो. त्यावरून थोडे पुढे गेल्यावर उर्का टेकडीची पायवाट फुटते. अर्ध्या-पाऊण तासात चढून होते आणि तिकीट लागत नाही. वाटेत लहान माकडे अगदी जवळ येतात, त्यांना काहीही खायला देऊ नये.

जुने शहर कामाच्याच दिवशी

सेंत्रोसाठी मंगळवार ते शुक्रवार यांपैकी एक पूर्ण दिवस काढावा. संग्रहालयांची साप्ताहिक सुट्टी सर्वत्र एक नसते, म्हणून ज्या एक-दोन वास्तूंत आत जायचेच आहे त्यांचे वेळापत्रक आदल्या रात्री पाहावे. रिओ 1763 ते 1960 या काळात ब्राझीलची राजधानी होते. त्यातही 1808 मध्ये नेपोलियनच्या सैन्यापुढून पोर्तुगालचे संपूर्ण राजघराणे पळून इथे आले आणि काही वर्षे युरोपातील एका साम्राज्याची राजधानी दक्षिण अमेरिकेत होती. गोव्याचा कारभारही त्या काळात लिस्बनऐवजी रिओतील दरबाराच्या नावाने चालत असे, हे ध्यानात ठेवून प्रासा किंझे या चौकातील राजवाडा पाहिला तर त्याच्या साध्या पांढऱ्या भिंतींकडे पाहण्याची नजर बदलते. याच राजवाड्यात 13 मे 1888 रोजी राजकन्या इझाबेलने गुलामगिरी रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली.

दिवसाची सुरुवात कारिओका मेट्रो स्थानकापासून करावी. तिथून पायी काही मिनिटांवर पोर्तुगीज वाचनालय, रेआल गाबिनेते, आहे. 1887 मध्ये उघडलेल्या या इमारतीत जमिनीपासून काचेच्या छतापर्यंत तीन मजले कोरीव लाकडी कपाटे आणि त्यांत पोर्तुगीज ग्रंथ आहेत. प्रवेश विनामूल्य आहे, पण हे चालते वाचनालय आहे, म्हणून आत हलक्या आवाजात बोलावे. नंतर 1894 पासून चालू असलेल्या कोलोम्बो या मिठाईगृहात कॉफी घ्यावी. भिंतभर उंचीचे बेल्जियमचे आरसे पाहण्यासाठीच लोक तिथे रांग लावतात. पदार्थ ठीकठाक आहेत, पैसे आरशांचे आहेत.

त्यापुढे कांदेलारिया चर्चवरून उत्तरेकडे बंदराच्या दिशेने, प्रासा मावा चौकात जावे. चालण्याचा कंटाळा आला असेल तर ट्राम आहे. तिच्या स्थानकाला फाटक नसते, कार्ड आत चढल्यावर यंत्राला टेकवावे लागते, आणि तपासनीस येतात. पाण्यात शिरलेली पांढरी लांबट इमारत म्हणजे सांतियागो कालात्राव्हा याने रचलेले 2015 चे उद्याचे संग्रहालय. बाहेरून ते अवश्य पाहावे. आत पडदे आणि आकृत्यांतून पर्यावरणाची मांडणी आहे, मुले बरोबर असतील तर वेळ चांगला जातो. एरवी तो वेळ आम्ही पुढच्या जागेसाठी राखून ठेवू.

ती जागा म्हणजे व्हालोंगोचा धक्का. चौकापासून पायी पंधरा मिनिटांत रस्त्याच्या पातळीखाली उघडा पडलेला ओबडधोबड फरसबंदीचा एक तुकडा दिसतो. तिकीट नाही, दार नाही, भव्यता तर नाहीच, आणि बहुतेक पर्यटक त्याच्याकडे न पाहता पुढे जातात. 1811 पासून वापरात आलेल्या या धक्क्यावर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना उतरवले जाई. युनेस्कोच्या नोंदीनुसार या मार्गाने सुमारे 9 लाख माणसे दक्षिण अमेरिकेत आणली गेली. पुढे 1843 मध्ये सम्राटाची वधू तेरेझा क्रिस्तिना येणार म्हणून त्यावर नवा, गुळगुळीत दगडांचा धक्का बांधला गेला. नंतर तोही भरावाखाली गेला, आणि 2011 मध्ये बंदराच्या नूतनीकरणासाठी खोदकाम चालू असताना दोन्ही थर वर आले. आज उभे राहून पाहिले तर सम्राज्ञीसाठी घातलेले तासलेले चिरे आणि त्यांच्याखालचे, अनवाणी पायांखाली आलेले वेडेवाकडे गोटे एकाच खड्ड्यात वेगवेगळे ओळखू येतात. 2017 मध्ये हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत आले. इथून जवळच पेद्रा दो साल हा कातळात खोदलेल्या पायऱ्यांचा चौक आहे, जिथे बंदरावर राबणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या वस्तीत सांबा रुजला. सोमवारी संध्याकाळी तिथे उघड्यावर वादकांचे टोळके टेबलाभोवती बसून वाजवते आणि लोक उभ्याने गातात. गर्दी दाट असते. फोन खोलीत ठेवून जावे.

दिवसाच्या अखेरीस लापाकडे वळावे. अठराव्या शतकातील दुमजली पांढरा जलसेतू आणि त्यावरून सांता तेरेझाला जाणारी पिवळी ट्राम ही इथली ओळख. खालच्या स्थानकावर दुपारी रांग मोठी असते, म्हणून ट्राममध्ये बसायचे असेल तर हा क्रम उलटा करून सकाळी आधी सांता तेरेझा आटोपावे. जवळच सेलारोनचा जिना आहे. चिलीहून आलेल्या होर्हे सेलारोन याने 1990 पासून आपल्या घरासमोरच्या 215 पायऱ्यांना फरशा बसवायला सुरुवात केली आणि 2013 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्या बदलत राहिला. छायाचित्रासाठी खालच्या दहा पायऱ्यांवर झुंबड असते. फरशा खरोखर पाहायच्या असतील तर वर चढत जावे, तिथे देशोदेशींहून पाठवलेल्या फरशा शांतपणे न्याहाळता येतात.

रविवार किनाऱ्यावर

रविवारी कोपाकबाना आणि इपानेमाच्या समुद्रालगतच्या रस्त्याची एक बाजू वाहनांना बंद असते आणि सगळे शहर तिथे चालायला, सायकल चालवायला येते. कोपाकबानाचा पदपथ काळ्यापांढऱ्या दगडांच्या लाटांचा आहे. 1970 च्या दशकात रोबेर्तो बुर्ले मार्क्स याने त्याचा विस्तार केला. किनाऱ्यावर जीवरक्षकांचे क्रमांकित मनोरे आहेत, लेमेपासून लेब्लोनपर्यंत 1 ते 12, आणि कोणालाही भेटायचे असेल तर लोक या क्रमांकानेच जागा सांगतात.

वाळूवर बसण्याची रीत ठरलेली आहे. टॉवेल कोणी अंथरत नाही. छत्री आणि खुर्ची भाड्याने देणाऱ्या तंबूवाल्यांपैकी एकाकडे जावे, आधी दर विचारावा, मग बसावे. तोच नारळपाणी आणून देतो, हिशेब लिहून ठेवतो आणि निघताना एकदम पैसे घेतो. मधूनमधून दोन्ही खांद्यांवर धातूचे एकेक पिंप अडकवलेला विक्रेता जातो: एकात माते नावाच्या वनस्पतीच्या पानांचा थंड चहा, दुसऱ्यात लिंबू सरबत. दोन्ही एकाच पेल्यात अर्धे अर्धे मागावे. त्यासोबत ग्लोबो नावाची, कागदी पिशवीतली टॅपिओकाच्या पिठाची पोकळ कडी घेतात. चव फारशी नसते, पण कुरकुरीतपणा उन्हात बरा वाटतो.

पोहण्याबाबत मात्र हयगय नको. हा खुला अटलांटिक आहे, लाटा किनाऱ्यापाशीच फुटतात आणि पाण्याची आतली ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही खेचते. लाल बावटा असेल तिथे गुडघ्यापलीकडे जाऊ नये. एकटे असाल तर वस्तू शेजारच्या कुटुंबाला सांगून ठेवता येतात, पण मुळात नेऊच नयेत. संध्याकाळी इपानेमाच्या टोकाच्या आर्पोआदोर खडकावर जावे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य थेट समुद्रात बुडतो आणि जमलेले लोक टाळ्या वाजवतात. हिवाळ्यात तो डोंगराआड जातो.

ढगाळ दिवशी जंगल

आकाशाने साथ दिली नाही तर तिजुकाच्या जंगलात किंवा वनस्पती उद्यानात जावे. तिजुका हे नैसर्गिक दिसते, पण त्याचा मोठा भाग लावलेला आहे. कॉफीच्या मळ्यांसाठी डोंगर उघडे केल्यावर शहराचे झरे आटले, तेव्हा 1861 पासून सम्राटाच्या आज्ञेने मेजर आर्चर यांच्या देखरेखीखाली गुलामांकरवी झाडे लावण्यात आली. कोकणी वाचकांना इथे ओळखीचे झाड भेटेल: फणस. पोर्तुगिजांनी भारतातून आणलेला फणस या डोंगरांत इतका माजला आहे की स्थानिक झाडांना तो वाढू देत नाही आणि वनखात्याला त्याची झाडे मारावी लागतात. काजूने नेमका उलटा प्रवास केला, ब्राझीलहून गोव्याला. जंगलात बस पोहोचत नाही. गाडी करून कास्कातिन्या धबधब्यापर्यंत जावे आणि परतीची गाडी आधीच ठरवावी, कारण आत मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही. त्यापेक्षा सोपे म्हणजे जार्दिम बोतानिको. 1808 मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानातील ताडवृक्षांची सरळ रांग पाहायला दोन तास पुरतात, आणि पार्के लाजे तिथून चालत जाण्याजोगे आहे.

शाकाहारी पोटाची सोय

मांसाहाराची कीर्ती असलेल्या या शहरात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, फक्त त्याने योग्य जागा धरावी. ती जागा म्हणजे किलोवर जेवण देणारी उपाहारगृहे, जी दुपारी प्रत्येक गल्लीत उघडी असतात. दारात एक चिठ्ठी किंवा कार्ड मिळते. रिकामी ताटली घेऊन मांडलेल्या पदार्थांतून हवे ते वाढून घ्यावे: भात, भाज्या, कोशिंबिरी, तळलेली केळी, कसावा या कंदाचे तुकडे. मग ताटली काट्यावर ठेवायची. ताटलीचे वजन वजा करून उरलेल्याचा आकडा चिठ्ठीवर येतो आणि पैसे बाहेर पडताना द्यायचे. चिठ्ठी हरवली तर भुर्दंड पडतो. काळ्या घेवड्याच्या आमटीत डुकराचे मांस असण्याची शक्यता मोठी, म्हणून विचारूनच घ्यावी. भाजलेल्या कसाव्याच्या पिठातही ते असते. केवळ मांस नको म्हटल्यास कोंबडी किंवा हॅम चालेल असे समजले जाते, त्यामुळे मांस, कोंबडी, मासे आणि हॅम ही चारही नावे घेऊन नकार द्यावा. कट्टर शाकाहाऱ्यांनी हे वाक्य लिहूनच न्यावे.

नाश्त्याला चीजचे गरम गोल पाव आणि टॅपिओकाची धिरडी उत्तम. आपला साबुदाणा याच कसाव्यापासून होतो. कोपऱ्याकोपऱ्यावर रसाची दुकाने आहेत, तिथे काजूच्या बोंडाचा रस, पॅशनफ्रूट, पुदिना घातलेला अननस आणि आसाई या जांभळ्या फळाचा गोठवलेला गर मिळतो. साखर न घालण्यास आधी सांगावे.

वेळ उरल्यास

प्रासा किंझेहून निघणारी फेरीबोट सुमारे वीस मिनिटांत उपसागरापलीकडे नितेरोईला नेते. तिथे ऑस्कर निमायर याने रचलेले 1996 चे बशीसारखे संग्रहालय कड्यावर उभे आहे. परतीच्या बोटीतून रिओचे डोंगर एका ओळीत दिसतात. कार्यालये सुटण्याच्या वेळची बोट टाळावी.

फावेलांच्या, म्हणजे शहरातील दाटीवाटीच्या गरीब वस्त्यांच्या, सहली जागोजागी विकल्या जातात. उघड्या जीपमधून लोकांची घरे दाखवत फिरवणाऱ्या सहली आम्ही सुचवणार नाही. जायचेच असेल तर त्याच वस्तीत राहणाऱ्या वाटाड्याबरोबर पायी जावे, छायाचित्राआधी परवानगी घ्यावी, आणि त्या सकाळी पोलिसांची कारवाई चालू नाही ना हे वाटाड्याला विचारूनच निघावे.

कार्निव्हलला जाणे जमले नाही तरी त्याआधीचे काही महिने मांगेइरा, सालगेइरो, पोर्तेला यांसारख्या सांबा मंडळांच्या सभागृहांत सराव चालतात आणि तिकीट काढून कोणालाही जाता येते. कार्यक्रम रात्री उशिरा रंगतो, तेव्हा येण्याजाण्याला गाडीच करावी.

फुटबॉलप्रेमींनी माराकाना चुकवू नये. 1950 च्या विश्वचषकासाठी बांधलेल्या या मैदानावर त्याच वर्षी ब्राझील उरुग्वेकडून 2-1 असे हरले आणि ती हार अजून सांगितली जाते. रिकामे मैदान दाखवण्याची सहल असते, परंतु फ्लामेंगो किंवा फ्लुमिनेन्स या क्लबचा सामना असेल तर तोच पाहावा. मेट्रोचे स्थानक मैदानालगत आहे. तिकीट क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावे, प्रवेशासाठी चेहऱ्याची नोंदणी लागते का ते तिथेच तपासावे, आणि कोणत्याही क्लबचे रंग नसलेला साधा शर्ट घालून यजमान संघाच्या बाजूला बसावे.